‘झालं’ म्हणणारं कार्ड

सोमवार, ३ मार्च

पुन्हा तेच! आणि या वेळी रुग्णालय. गेल्या आठवड्यात एका दुपारी भरलेल्या नोंदी आता सापडत नाहीत. सगळ्याच गेल्यात असंही नाही, मधल्या दीड मिनिटाच्या तेवढ्या. पुढच्या-मागच्या जागच्या जागी. पडलेल्या दातासारखी फट.

साहेबांनी बोलावलं आणि दार लावून घेतलं. दार लावलं की समजायचं, बाहेर कुणाला सांगायचं नाहीये. "तुझा ड्रायव्हर बघ." म्हणजे संगणक आणि आमच्या कंपनीचं कार्ड यांच्यात दुभाष्याचं काम करणारा माझा प्रोग्राम. म्हटलं, छापखान्याच्या वेळी पाहिला, जानेवारीत त्या गोदामवाल्यांच्या वेळी पाहिला, ड्रायव्हर ठीक आहे. "मग परत बघ."

तिथून दाजींकडे. ऑफिसात त्यांना ‘सर’ म्हणायचं असं ताईच्या लग्नानंतर ठरलं होतं. माझ्या तोंडून कधी निघालं नाही. उलट आता सगळं ऑफिसच त्यांना दाजी म्हणतं, शिपायापासून साहेबांपर्यंत! सांगितलं, रुग्णालयाची तक्रार आहे, कार्डाच्या आतलं जरा तपासाल का? पडद्यावरची नजर काढली नाही. "आमच्याकडे सगळं ठरल्याप्रमाणेच आहे." जानेवारीतही हेच वाक्य. अक्षर इकडचं तिकडे नाही.

ठरल्याप्रमाणे! कुणी ठरवलं?

मंगळवार, ४ मार्च

बाबांनी जेवताना विचारलं, तुझं तोंड का असं? सांगायचा प्रयत्न केला. चाळीस वर्षं टपाल खात्यात काढलेल्या माणसाला कंट्रोलर कार्ड समजावणं म्हणजे… पण त्यांना माझ्याआधी समजलं.

मी म्हटलं, संगणक कार्डाला म्हणतो, हे लिहून ठेव. कार्ड ते आधी स्वतःच्या डोक्यात ठेवतं, सवड मिळाली की डिस्कवर उतरवतं. डोक्यातलं जाऊ शकतं, डिस्कवरचं जात नाही. म्हणून मोलाचं काही असलं की संगणक म्हणतो, ‘आत्ताच्या आत्ता उतरव आणि झालं की सांग.’ कार्ड ‘झालं’ म्हणतं. मग पडद्यावर हिरवी खूण उमटते.

"आणि उतरवलेलं नसतं?"

म्हटलं, तोच तर संशय आहे.

बाबा घास हातात धरून बसले. मग म्हणाले, "आमच्याकडे एक पोस्टमन होता. पायऱ्या चढायचा कंटाळा. खालीच बसून पोचपावत्यांवर सह्या करायचा, पत्रं पिशवीत. वर्षभर कुणाला पत्ता नाही. कारण पावत्या चोख!"

"मग सापडला कसा?"

"पिशवी हरवली एक दिवस."



गुरुवार, ६ मार्च

रुग्णालयात जाऊन आले. संगणक विभाग तळघरात, जिन्याखाली. तिथला माणूस बोलका. कुलूप काढतानाच म्हणाला, "तुमच्यापेक्षा आमच्याच सिस्टरची चूक निघेल, काळजी करू नका."

कसली चूक? मग त्याने सांगितलं.

तिसऱ्या मजल्यावर एक आजोबा आहेत, घड्याळं दुरुस्त करायचे. पोटाचं ऑपरेशन ठरलेलं. रक्त पातळ करायची गोळी चालू होती, ती चार दिवस आधी बंद करायची. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, सिस्टरने संगणकात ‘बंद’ भरलं. असं ती म्हणते. संगणकात मात्र गोळी चालूच. पुढच्या पाळीच्या सिस्टर पडद्यावर बघून देत राहिल्या. चौथ्या दिवशी ऑपरेशन. रक्त थांबेना. आता अतिदक्षता विभागात आहेत.

"भरलंच नाही तिने," तो माणूस म्हणाला. "आणि आता म्हणते भरलं. संगणक खोटं कशाला बोलेल?"

मी डोकं खाली घालून नोंदवही उघडली, म्हणजे माझा ड्रायव्हर आपल्या कामाच्या नोंदी ठेवतो ती. सिस्टर म्हणते, चार वाजून बारा मिनिटांनी भरलं. माझ्या नोंदीत चार वाजून तेरा मिनिटांनी एक ओळ:

कंट्रोलर गप्प. रीसेट केला. सगळं पूर्ववत.

ही ओळ माझी आहे. मीच शब्द निवडले होते! हे कार्ड अधूनमधून बेशुद्ध पडतं, उत्तरच देत नाही. तेव्हा ड्रायव्हरने थोडी वाट पाहायची, एक झटका देऊन कार्डाला जागं करायचं आणि काम पुढे चालू. तीन वर्षांपूर्वी मी ही सोय केली तेव्हा साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली होती. ग्राहकाला कळतसुद्धा नाही, म्हणाले.

खरंच नाही कळलं. झटका दिला की कार्डाच्या डोक्यातलं पुसतं. जे डिस्कवर उतरलं होतं ते उरतं. जे नुसतं ‘झालं’ म्हटलं होतं ते—

सगळं पूर्ववत. गोळी चालू.

शुक्रवार, ७ मार्च

आज उरलेल्या नोंदी आणायला परत गेले. निघताना फाटकाशी एक बाई उभी. पन्नाशीची, हातात छत्री घट्ट धरलेली. "तुम्ही संगणकाच्या ना?" मी हो म्हटलं. तीच सिस्टर. तिला आत यायला बंदी आहे, चौकशी संपेपर्यंत. तरी रोज ड्युटीच्या वेळेला येते आणि फाटकाशी उभी राहून आजोबांची चौकशी करते.

"मी टाकलं होतं हो. हिरवी खूण आली होती. खूण आल्याशिवाय मी हात काढत नाही, सत्तावीस वर्षांची सवय आहे. पण आता सगळे म्हणतात, तर मलाच वाटायला लागलंय, नसेल का टाकलं? माणूस थकतो. परवा घरी गॅस बंद केला की नाही ते बघायला चार वेळा उठले."

मला ठाऊक होतं. त्या क्षणी, तिथे उभ्या उभ्या मला ठाऊक होतं की तिने टाकलं होतं. म्हणाले काय? "बघतो आम्ही. तपास चालू आहे."

स्वतःचीच किळस आली.

शनिवार, ८ मार्च

अशी चार हजार कार्डं आहेत बाहेर. चार हजार!

सोमवार, १० मार्च

गोगलगायीला हाताशी घेतलं. आमचे चाचणीवाले. हळू चालतात, हळू बोलतात, चहा गार करून पितात, पण त्यांनी एकदा तपासलेलं पुन्हा तपासावं लागत नाही. त्यांना स्वतःचं टोपणनाव माहीत आहे आणि आवडतंही.

त्यांनी साधी युक्ती केली. कार्डावर आकडे लिहायचे, एक, दोन, तीन… प्रत्येक आकड्याला ‘उतरव’ म्हणायचं, ‘झालं’ आलं की पुढचा. मध्येच झटका. मग डिस्क उघडून बघायचं, शेवटचा आकडा कोणता.

दोनशे वेळा केलं. एकशे त्रेसष्ट वेळा आकडे कमी भरले. म्हणजे प्रत्येक वेळी ‘झालं’ आलेलं, आणि झालेलं नाही!

"आणि हे बघा," गोगलगाय म्हणाले. ‘उतरव’ म्हटल्यावर ‘झालं’ यायला लागलेला वेळ. सगळीकडे तेवढाच, क्षणाचा शंभरावा भागसुद्धा नाही. थोडं उतरवायचं असो की खूप, वेळ तोच. "हे काम करून दमलेलं उत्तर नाही हो. हे पाठ केलेलं उत्तर आहे."

चूक असती तर कधी असं, कधी तसं झालं असतं. इतकं एकसारखं चुकून होत नाही. हे कुणीतरी मुद्दाम घातलंय. कार्डाच्या पोटातला प्रोग्राम, फर्मवेअर, पूर्ण दाजींच्या हाताखालचा.

बुधवार, १२ मार्च

साहेबांपुढे आकडे ठेवले. कागद बघून म्हणाले, "फर्मवेअर बदलायचं म्हणजे चार हजार कार्डं उघडायची. वर्ष जाईल. तू ड्रायव्हरमध्येच काहीतरी तोड काढ."

"आणि त्या सिस्टर?"

"कुठल्या सिस्टर?" खरंच कळलं नाही त्यांना. सांगितलं. त्यावर म्हणाले, "तो त्यांचा आतला मामला." आणि दार उघडून धरलं माझ्यासाठी.

शुक्रवार, १४ मार्च

पहिली तोड: कार्डाला सांगायचं, बाबा रे, तू डोक्यात काही ठेवूच नकोस, थेट डिस्कवर लिही. तसा एक हुकूम आहे. दिला. कार्डाने कबूल केलं. परत विचारलं, डोक्यात ठेवणं बंद केलंस ना? ‘हो, बंद.’

गोगलगायींनी आकडे चालवले. दोनशेपैकी एकशे एकसष्ट.

तेही खोटं! विचारलं की ‘बंद’ म्हणायचं आणि चालू ठेवायचं. मी खुर्चीत मागे टेकले ती टेकलेच. पंधरा वर्षं हा धंदा करतेय. कार्डं बिघडतात, अडतात, उलटसुलट बोलतात. पण तोंडावर गोड बोलून पाठीमागे आपलंच करणारं कार्ड मी पाहिलं नव्हतं.

सकाळी ऑफिसला येताना रस्त्यातून परत घरी जाऊन दार ओढून पाहिलं. लागलेलं होतं. आता मीही त्या सिस्टरसारखी!

रविवार, १६ मार्च

ताईकडे जेवायला. दोन मजले वर तर राहतात. बाबा जिन्यात दोनदा थांबले.

ठरवून गेले होते की विषय काढायचा नाही. काढला. दाजी संत्रं सोलत होते, सालं एकावर एक रचून ठेवायची त्यांची सवय. मी म्हटलं, "दाजी, ‘झालं’ हे पाठ केलेलं उत्तर आहे. ते कुणी घातलं?"

सोलणं थांबलं.

"अगं, ऑफिस ऑफिसात ठेवा की," ताई म्हणाली. "आठवड्यातून एक दिवस मिळतो मेला."

मी म्हटलं, एका माणसाचा जीव टांगणीला लागलाय, एका बाईची नोकरी चाललीय. दाजींनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, आणि त्याचीच भीती वाटली. हळूच म्हणाले, "तू जुनं सगळं पाहिलंस का?"

"कसलं जुनं?"

ताईकडे बघितलं, मग बाबांकडे. "राहू दे." आणि अर्धं संत्रं माझ्या ताटात ठेवलं.

धमकी होती का ती? आठ वर्षांपूर्वी या नोकरीसाठी माझं नाव त्यांनीच सुचवलं होतं. ते काढून दाखवायचं असेल. दाखवू देत.

मंगळवार, १८ मार्च

जमलं!!

कार्डावर विश्वासच ठेवायचा नाही. त्याला लिहायला देताना प्रत्येक गोष्टीची नक्कल ड्रायव्हरने आपल्याकडे ठेवायची. ‘झालं’ म्हणालं तरी टाकायची नाही. चांगली दोन मिनिटं जपायची, एवढ्या वेळात ते सवडीने का होईना उतरवतंच. मध्ये बेशुद्ध पडलं, झटका द्यावा लागला, तर नक्कल काढायची आणि सगळं नव्याने लिहायचं.

दोनशेपैकी शून्य. दोन हजारपैकी शून्य. गोगलगायींनी चहा गरम असताना प्यायला!

किती सोपं होतं. ऐंशी-नव्वद ओळी. हे तेव्हाच का नाही सुचलं कुणाला?

बुधवार, १९ मार्च

घड्याळवाले आजोबा सकाळी गेले. तळघरातल्या माणसाने कळवलं.

गुरुवार, २० मार्च

जेवणाच्या सुट्टीनंतर साहेबांकडे. दार लावलेलं. नवा ड्रायव्हर सोमवारी सगळीकडे जाणार. सोबतच्या कागदावर लिहिलंय, ‘वेगात व स्थैर्यात किरकोळ सुधारणा.’ किरकोळ!

मी म्हटलं, रुग्णालयाला खरं कारण सांगायला हवं.

"कारण काय सांगणार? आता तर दोष उरलाच नाही. तूच काढलास." वर कौतुकाने हसले.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. नवा ड्रायव्हर बसवताना कार्ड पहिल्यापासून सुरू होतं. त्याच्या पोटातली जुनी नोंद पुसली जाते. कोणत्या वेळी बेशुद्ध पडलं, तेव्हा डोक्यात किती उतरवायचं बाकी होतं, सगळं. सोमवारी दुपारपर्यंत जगात एकही पुरावा उरणार नाही की त्या बाईने ‘बंद’ भरलं होतं. आणि तो पुरावा पुसणार कोण? माझीच तोड.

दाजी जिन्यात भेटले. बाजूला होऊन मला जाऊ दिलं. त्यांनाही सोमवार माहीत आहे.

शुक्रवार, २१ मार्च

सकाळी आजारी आहे म्हणून कळवलं. आयुष्यात पहिल्यांदा. थेट रुग्णालयाच्या तळघरात. त्या माणसाला म्हटलं, सोमवारच्या आधी कार्डाच्या पोटातली नोंद उतरवून घ्यायची आहे, आणि तुमच्या समोर, तुमच्या सहीने. तो चुळबुळला. "वरून सांगितलंय का तसं?" मी म्हटलं, नाही. त्याने दार आतून लावून घेतलं.

निघाली! दिवस तोच, वेळ चार वाजून तेरा मिनिटं. बेशुद्ध पडताना उतरवायचं बाकी: एकोणीस नोंदी. एकोणिसाव्यात आजोबांच्या खाटेचा क्रमांक. काय लिहिलं होतं ते गेलं, पण लिहायला आलं होतं हे उरलंय. तेवढं पुरेसं आहे.

तो माणूस सही करताना एकदम म्हणाला, "म्हणजे ती खरं बोलत होती?"

"हो."

"आम्ही कुणी तिच्याशी बोलत नव्हतो हो."

शनिवार, २२ मार्च

दिवसभर अहवाल लिहीत बसले. दाजींच्या खात्याचं नाव लिहायचं का? तीनदा खोडलं. लिहिलं.

रविवार, २३ मार्च

बाबांना वाचून दाखवला. ऐकून घेतला. चष्मा पुसला, परत पुसला. "खरं आहे ना सगळं?" म्हटलं, प्रत्येक आकडा दोनदा तपासलाय. "मग दे." थोड्या वेळाने म्हणाले, "पण आधी त्याला एकदा विचारून बघ. एकटं गाठून. तो असा मुद्दाम खोटं घालणारा माणूस नाही गं."

विचारलं होतं की. ‘राहू दे’ म्हणाले.

सोमवार, २४ मार्च

दिला. रुग्णालयाच्या चौकशी समितीच्या हातात, पोच घेऊन. एक प्रत साहेबांच्या टेबलावर. ते जागेवर नव्हते, बरं झालं.

जिना उतरताना हलकं वाटलं.

गुरुवार, २७ मार्च

समितीपुढे आज आम्हाला बोलावलं. लांब टेबल, पाण्याचे ग्लास झाकलेले, पंख्याचा आवाज. एका बाजूला सिस्टर, छत्री मांडीवर. आजोबांची मुलगी आली होती, काळ्या चौकटीचा चष्मा, पूर्ण वेळ वहीत काहीतरी लिहीत होती. वर बघितलं की माझ्याकडेच बघतेय असं वाटायचं.

मी बोलले. आकडे दाखवले.

मग दाजी. अध्यक्षबाईंनी विचारलं, "न उतरवताच ‘झालं’ सांगणारा हा भाग फर्मवेअरमध्ये कुणी घातला?"

"मी."

"चुकून?"

"नाही. समजून-उमजून."

अध्यक्षबाईंनी विचारलं, "का?"

दाजींनी ग्लासवरचं झाकण काढलं, परत ठेवलं. पाणी प्यायले नाहीत. एकदा माझ्याकडे पाहिलं. त्या रविवारसारखंच, न रागावता. मी नजर खाली केली नाही. मी कशाला करू?

"घाई होती," म्हणाले. "तपासून घ्यायला हवं होतं. नाही घेतलं. जबाबदारी माझी."

"आणखी कुणाला माहीत होतं?"

"नाही."

आजोबांच्या मुलीचं लिहिणं थांबलं. ती एवढंच म्हणाली, "माझे वडील दुसऱ्याचं घड्याळ परत देताना आठ दिवस आपल्या उशाशी ठेवून बघायचे." आणि वही मिटून उठून गेली.

सिस्टर बाहेर मला धरून रडली. दाजी बाजूने निघून गेले. त्यांची पाठ एवढी वाकलीय हे मला कधी दिसलं नव्हतं.

शुक्रवार, २८ मार्च

दाजींना काढलं. खटला होणार म्हणतात.

सोमवार, ३१ मार्च

सिस्टर कामावर रुजू! सकाळी फोन आला. "पहिली हिरवी खूण आली तेव्हा हात निघेना माझा." हसली. तिच्या वॉर्डातल्या सगळ्या आता पडद्याबरोबर कागदावरही लिहून ठेवतात म्हणे.

साहेबांचा सूर पालटलाय. आता दारं उघडी! वर्तमानपत्रवाल्यांना सांगितलं, ‘आमच्याच एका अभियंत्याने प्रामाणिकपणे दोष उजेडात आणला.’ मला नवी खोली देऊ केलीय. दाजींची.

नको म्हटलं.

ताई फोन उचलत नाही. आज जिन्यात दिसली. मी हाक मारली. ती एक पायरी थांबली. वळली नाही. म्हणाली, "मला एवढंच म्हणाले, तिला काही बोलू नकोस. म्हणून बोलत नाहीये." आणि वर गेली. दार आपटलंही नाही.

तिला काही बोलू नकोस. असं का म्हणाले असतील? माझ्यावर चिडायचा त्यांना हक्क आहे. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. हे गप्प बसणं अंगावर येतं.

बुधवार, २ एप्रिल

बाबा आज एकटेच वर जाऊन आले. काय बोलणं झालं विचारलं. "काही नाही. बसलो होतो दोघं." नजर टाळत होते.

गुरुवार, ३ एप्रिल

समितीला पूर्ण इतिहास हवाय, कोणता बदल कोणत्या दिवशी शिरला. खटल्यात लागेल. जुनी पत्रं दोन वर्षांनंतर आपोआप पुसली जातात, म्हणून गोगलगायींनी फर्मवेअरच्या जुन्या प्रती एकेक करून चालवल्या. अकरा दिवस लागतील म्हणाले होते, चार दिवसांत केलं. खोटं ‘झालं’ तीन वर्षांपूर्वी, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात शिरलं. त्याआधीच्या प्रतीत कार्ड खरं बोलायचं. फक्त हळू. खूप काम असलं की ‘झालं’ म्हणायला सहा-सात सेकंद घ्यायचं.

"आणि तुमचा ड्रायव्हर तेव्हा पाचच सेकंद थांबायचा," गोगलगाय म्हणाले. "मग झटका. म्हणजे बेशुद्ध नसलेल्या कार्डालाही आपण झटके देत होतो. तेव्हा बऱ्याच तक्रारी आल्या असतील ना?"

आल्या असतील. मला नीट आठवत नाही. तो जून म्हणजे आईचं शेवटचं आजारपण. त्या महिन्यातलं मला काहीच धड आठवत नाही.

शुक्रवार, ४ एप्रिल

त्या वर्षीची रोजनिशी कपाटातून काढली. गुरुवार, ९ जून. अक्षर माझं:

‘आईला परत भरती केलं. ऑफिसात तक्रारींचा पाऊस, ड्रायव्हर उगाच झटके देतो म्हणून. दाजींना म्हटलं, कार्डाला ताबडतोब ‘झालं’ म्हणायला लावा, उतरवू दे सवडीने. ते म्हणाले, हे खोटं होईल गं, मध्ये कार्ड पडलं तर? म्हटलं, नक्कल मी ड्रायव्हरमध्ये ठेवते, काही हरवणार नाही, पुढच्या आठवड्यात करतेच. हो-ना करत तयार झाले. म्हणाले, तू आईकडे बघ आता. चला, एक काम मिटलं!’

पुढच्या आठवड्याची पानं कोरी आहेत. त्याच्या पुढचीही.

ते पान फाडायला हात गेला होता. फाडलं नाही. अजून तरी.